१२९९ गोल आणि एक ठोसा

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठीच्या तासालासुद्धा आम्ही बाकाखाली इंग्रजीतच कुजबुजायचो. त्यामुळे मराठी विभागाच्या संपादिकाबाईंनी (म्हणजे माझ्याच विंगमधली, तीन रूम सोडून राहणारी!) मला मेसच्या रांगेत गाठून "लेख दे" म्हटलं तेव्हा माझ्या हातातली थाळी पडायचीच बाकी होती. अट एकच होती : पाऊस, प्रेम आणि मेसची डाळ हे तीन विषय सोडून काहीही चालेल. क्रिकेटवर बॉईज हॉस्टेलमधून दरवर्षी पोतंभर लेख येतात. तेव्हा म्हटलं, क्रिकेटच्याच मैदानावर खेळला जाणारा पण आपल्याकडे कुणालाच न कळणारा एक खेळ घेऊ, आणि त्यातला एक माणूस.

हा माणूस मला सापडला कसा, ते आधी सांगते. माझा मावसभाऊ मेलबर्नला नोकरी करतो. त्याच्या ऑफिसातले सगळे लोक 'फुटी फुटी' करतात म्हणून तोही एका शनिवारी डॉकलँड्सच्या स्टेडियमवर मॅच बघायला गेला आणि तिथून त्याने मला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'कव्हेंट्री एंडला बसलोय.' मी विचारलं, "दादा, कव्हेंट्री म्हणजे ते इंग्लंडमधलं गाव ना?" तो म्हणाला, "असेल अगं, मला काय माहीत! समोरच्या बाजूला लॉकेट एंड आहे." पॅव्हेलियन एंड, गरवारे एंड ऐकत वाढलेले आपण. एंडला नाव आहे म्हणजे त्यामागे कोणीतरी असणार, एवढं आपल्याला कळतं. शोधलं तर निघाला गॉर्डन कव्हेंट्री. जन्म १९०१, मेलबर्नच्या ईशान्येला असलेल्या डायमंड क्रीक या तेव्हाच्या फळबागांच्या गावात. कॉलिंगवूड या क्लबकडून १९२० ते १९३७ अशी अठरा वर्षं खेळला, ३०६ मॅचेस आणि १२९९ गोल. हा आकडा मोडायला पुढे बासष्ट वर्षं लागली.

आता तुम्ही म्हणाल, आधी खेळ तर सांग. सांगते, कारण त्याशिवाय १२९९ चा अर्थ लागणार नाही.

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल हा खेळ मेलबर्नमध्ये जन्मला. १८५८ साली टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने एका वृत्तपत्राला पत्र लिहिलं की, हिवाळ्यात क्रिकेटवाले सुस्त होतात, त्यांना काहीतरी खेळ पाहिजे. पुढच्याच वर्षी नियम लिहिले गेले. म्हणून मैदान क्रिकेटचंच, लंबगोल. चेंडूही लंबगोल. एका बाजूला अठरा खेळाडू. चेंडू हाताने फेकायचा नाही. एका हातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा, नाहीतर पायाने. दोन्ही टोकांना चार-चार खांब. जाळं नाही, आडवा दांडा नाही. मधल्या दोन खांबांमधून पायाने मारलेला चेंडू गेला तर 'गोल', सहा गुण. मधला आणि बाहेरचा खांब यांच्यामधून गेला तर 'बिहाइंड', एक गुण. म्हणजे नेम चुकला तरी थोडंसं बक्षीस! (आमच्या एम-थ्रीच्या पेपरात अशी सोय असती तर...) स्कोअर असा लिहितात : १३.१८ (९६). तेरा गोल, अठरा बिहाइंड, एकूण शहाण्णव. पहिल्यांदा बघितल्यावर मला ते डेसिमल वाटलं होतं.

आणि सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे 'मार्क'. लांबून किक मारलेला चेंडू तुम्ही हवेतल्या हवेत स्वच्छ झेललात तर खेळ तिथे थांबतो. तुम्हाला कुणी हात लावायचा नाही. शांतपणे मागे जायचं, नेम धरायचा आणि मारायचं. गोलच्या अगदी तोंडाशी उभा राहून हेच काम करणाऱ्याला 'फुल फॉरवर्ड' म्हणतात. त्याला चिकटून दिवसभर एक 'फुल बॅक' उभा असतो. त्याचं काम ढकलणं, ओढणं, आणि पंचाचं लक्ष नसेल तर आणखीही काही. कव्हेंट्री हा फुल फॉरवर्ड होता. हवेत उंच उड्या मारून लोकांना वेड लावणाऱ्यातला नव्हे. त्याचे हात मोठे होते आणि अंगात ताकद होती. आपली जागा धरून ठेवायची, चेंडू हातात आला की सोडायचा नाही, आणि सरळ मारायचा. त्याच्या आधी कॉलिंगवूडचा हीरो होता डिक ली. १९०६ ते १९२२ मध्ये ७०७ गोल. त्याच्यासारख्या माणसाच्या सावलीत अठराव्या वर्षी संघात आलेलं पोरगं काय करणार, असं कुणालाही वाटलं असतं. १९२२ पासून १९३७ पर्यंत सलग सोळा वर्षं कॉलिंगवूडचे सर्वांत जास्त गोल याच पोराचे होते.

आता माझ्यातली मेकॅनिकलवाली जागी होते. एवढे गोल एकाच काळात का? नुसतं 'टॅलेंट' म्हणून सोडून द्यायचं असेल तर आपण इंजिनिअरिंगला कशाला आलो!

पहिलं कारण नियमात आहे. १९२५ साली एक बदल झाला : चेंडू मैदानाबाहेर गेला की ज्या संघाचा हात शेवटचा लागला त्याच्या विरुद्ध फ्री किक. त्याआधी बचाव करणारे चेंडू कडेकडेने नेत आणि अडचण आली की बाहेर घालवून मोकळे होत. आता ते महागात पडायला लागलं. मग खेळ कडेवरून मधल्या पट्ट्यात आला, आणि गोलच्या समोर उभ्या असलेल्या माणसाला चेंडू समोरून मिळायला लागला. ह्यात काय फरक पडतो? वहीच्या मागच्या पानावर करून बघा. मधल्या दोन खांबांत अंतर ६.४ मीटर. बरोबर समोर चाळीस मीटरवर उभे राहिलात तर ते अंतर तुमच्या डोळ्यांत साधारण नऊ अंशांचा कोन करतं. तेवढ्याच अंतरावर पण पंचेचाळीस अंश बाजूला सरकलात तर साडेसहाच अंश उरतात. म्हणजे चुकायला मिळणारी जागा जवळपास तीस टक्क्यांनी कमी. नियम एक बदलला आणि सगळ्या राज्यातल्या फुल फॉरवर्डांना कोन वाढवून मिळाला! हा नियम १९३९ मध्ये गेला. कव्हेंट्रीची सगळी मोठी वर्षं या मधल्या काळात येतात, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसरं, १९२५ मध्येच लीगमध्ये तीन नवे संघ आले : हॉथॉर्न, फूटस्क्रे आणि नॉर्थ मेलबर्न. नवखे संघ म्हटले की मार खाणार. १९२९ मध्ये कव्हेंट्रीने एका मॅचमध्ये सोळा गोल मारले ते हॉथॉर्नविरुद्धच.

आणि तिसरं कारण म्हणजे त्याचा संघ. कॉलिंगवूड ही मेलबर्नमधली कामगारांची वस्ती, बुटांचे कारखाने वगैरे. संघाचा कोच जॉक मॅकहेल. या गृहस्थांनी १९१२ ते १९४९ हे काम केलं! त्यांचं एक तत्त्व होतं : सगळ्या खेळाडूंना मानधन सारखंच. शंभर गोल मारणारा आणि कसाबसा संघात आलेला, दोघांच्या पाकिटात सारखीच रक्कम. (हे वाचून आमच्या प्रोजेक्ट ग्रुपमधली एक व्यक्ती खूश होईल. नाव घेत नाही.) १९२७ पासून कप्तान होता सिड कव्हेंट्री, म्हणजे गॉर्डनचा थोरला भाऊ. त्याच वर्षी सिडला लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक मिळालं. दादा मधून चेंडू काढणार, धाकटा पुढे झेलणार. १९२७, २८, २९, ३० असं सलग चार वेळा त्यांनी विजेतेपद जिंकलं. लोक त्या संघाला 'द मशीन' म्हणत. मशीनमध्ये एखादा पार्ट किती चांगला आहे हे वेगळं काढून मोजायचं कसं? अवघड आहे. पण ज्या दिवशी मशीन अडकतं त्या दिवशी कळतं.

१९२७ ची फायनल घ्या. धो धो पाऊस, चिखल, आणि पाणी पिऊन दगड झालेला चामड्याचा चेंडू. कॉलिंगवूड २.१३ (२५), रिचमंड १.७ (१३). अख्ख्या फायनलमध्ये दोन्ही संघांचे मिळून फक्त तीन गोल! इतका कमी स्कोअर त्यानंतर कुठल्याही फायनलला झाला नाही. कॉलिंगवूडचे जे दोन गोल झाले ते दोन्ही गॉर्डन कव्हेंट्रीचे. कोन वाढवून देणारा नियम, दुबळे नवखे संघ, कशाचाच इथे संबंध नाही. समोर रिचमंड होतं आणि पायाखाली चिखल. पुढच्या वर्षी पुन्हा रिचमंड, पुन्हा फायनल, पण मैदान बरं. कॉलिंगवूड १३.१८ (९६), रिचमंड ९.९ (६३). तेरातले नऊ गोल त्याचे. फायनलमध्ये नऊ गोल हा विक्रम आजवर मोडलेला नाही. १९८९ मध्ये गॅरी ॲब्लेटने बरोबरी केली, आणि बिचाऱ्याचा संघ तरीही हरला.

१९२९ मध्ये कॉलिंगवूडने साखळीतल्या अठराच्या अठरा मॅचेस जिंकल्या आणि कव्हेंट्रीने हंगामात १२४ गोल केले. या लीगमध्ये एका हंगामात शंभरी गाठणारा तो पहिला. १९३० मध्ये ११८, आणि फिट्झरॉयविरुद्ध एकाच मॅचमध्ये १७. हा १७ चा आकडा १९४७ पर्यंत टिकला, मग फ्रेड फॅनिंगने १८ मारले.

एवढं सगळं वाचून मला हा माणूस खरं सांगायचं तर जरा बोअर वाटायला लागला होता. गोल, गोल, गोल. अठरा वर्षांत ३०६ मॅचेस, म्हणजे वर्षाला बरोब्बर सतरा. जखमी होत नाही, भांडत नाही, रुसत नाही. वर्गातल्या त्या मुलासारखा, जो पहिल्या बाकावर बसून सगळ्या असाइनमेंट्स वेळेवर देतो. त्याच काळातला साऊथ मेलबर्नचा बॉब प्रॅट बघा! खांद्यांवर चढून हवेत तरंगायचा. १९३४ मध्ये त्याने १५० गोल मारले. आजही तो विक्रम आहे (१९७१ मध्ये पीटर हडसनने बरोबरी केली, बस). त्या वर्षी कव्हेंट्रीने पण १०५ मारले होते, कोण लक्षात ठेवतो? पुढच्या वर्षी, १९३५ च्या फायनलच्या दोनच दिवस आधी, प्रॅट ट्राममधून उतरला आणि विटांच्या ट्रकने त्याला उडवलं. जीव वाचला, पण फायनल गेली. समोर कॉलिंगवूड होतं आणि ते वीस गुणांनी जिंकलं. कव्हेंट्रीचं हे पाचवं विजेतेपद. समोरच्या संघाच्या गोलवाल्याची जागा रिकामी होती तेव्हा त्याच्या मनात काय आलं असेल कोण जाणे. कारण बरोबर एका वर्षाने रिकामी जागा त्याची स्वतःची होती.

१९३६. कव्हेंट्री चौतिशीत. सोळा-सतरा वर्षं खेळून त्याचं नाव एकदाही पंचांच्या तक्रारीत गेलेलं नाही. आणि फुल फॉरवर्डच्या जागी, जिथे पाठीमागून सतत ढोसलं जातं, तिथे हे म्हणजे कमालच. त्या हिवाळ्यात त्याच्या मानेवर गळवं झाली होती. रिचमंडविरुद्ध मॅच होती आणि त्याच्यावर होता जो मरडॉक. मरडॉकचे फटके मानेवर, नेमके त्या गळवांवर बसत राहिले.

इथे मी थोडी थांबते. फर्स्ट इयरला, पहिल्या उन्हाळ्यात, मला मानेवर गळू झालं होतं. आंबे जास्त खाल्लेस, उष्णता वाढली, असं आईचं निदान. (हॉस्टेलच्या मेसमध्ये आंबे! आईंचं जग वेगळंच असतं.) कुर्त्याची कॉलर लागली तरी डोळ्यांत पाणी यायचं. वर्कशॉपमध्ये फायलिंग करताना एका मैत्रिणीने सहज पाठीवर थाप मारली आणि मी तिच्या अंगावर अशी ओरडले की लेथवरचे सरसुद्धा वळून बघायला लागले. ती थाप होती, आणि प्रेमाची होती. त्यामुळे कव्हेंट्रीने काय केलं ते मला समजवावं लागत नाही. त्याने वळून मरडॉकला ठोसे मारले.

ट्रायब्युनलपुढे प्रकरण गेलं. आठ आठवडे बंदी.

आठ आठवड्यांत हंगाम संपला. कॉलिंगवूड फायनलला पोचलं, साऊथ मेलबर्नविरुद्ध ११.२३ (८९) विरुद्ध १०.१८ (७८) असं अकरा गुणांनी जिंकलंसुद्धा. सोळा वर्षं ज्याने गोल पुरवले त्या माणसाशिवाय. मला तर ही शिक्षेपेक्षा वाईट गोष्ट वाटते. संघ हरला असता तर निदान 'बघा, मी असतो तर' असं म्हणता आलं असतं!

शिक्षा बरोबर की चूक, यावर मी आमच्या रूमवर वाद घातला आहे. माझी रूममेट म्हणते, ठोसा तो ठोसा. आज गळू म्हणून सोडलं तर उद्या सगळेच गळू घेऊन येतील. तिचं तर्कशास्त्र पक्कं आहे. पण मला शाळेतली एक आठवण सोडत नाही. मागच्या बाकावरची मुलगी पूर्ण तासभर माझ्या पाठीत कंपासचं टोक टोचत होती. मी शेवटी वळून तिच्या हातावर फूटपट्टी मारली, आणि टीचरने वर बघितलं ते नेमकं त्याच सेकंदाला. वर्गाबाहेर मी. टीचरचीही चूक नव्हती, तिला जे दिसलं ते खरंच घडलं होतं. ठोसा सगळ्या मैदानाला दिसतो. गळू ज्याला झालंय त्यालाच कळतं. आठ आठवड्यांचे चार केले असते तर काय बिघडलं असतं, असं मला अजूनही वाटतं. रूममेटला वाटत नाही. विषय तिथेच आहे.

कव्हेंट्रीने मग निवृत्ती घ्यायचं ठरवलं. लोकांनी समजूत काढली आणि तो १९३७ साठी परत आला. पस्तिसाव्या वर्षी. त्या हंगामात तो ३०० मॅचेस खेळणारा लीगमधला पहिला खेळाडू झाला आणि गोल केले ७२. गंमत म्हणून मी १२९९ ला १८ हंगामांनी भागलं, तर उत्तर आलं ७२ आणि काही अपूर्णांक. म्हणजे म्हातारपणी, बंदी भोगून आल्यावरचं त्याचं शेवटचं वर्ष हे बरोबर त्याचं सरासरी वर्ष होतं! बोअर माणूस म्हणाले होते ना मी? शब्द मागे घेते. शेवटची मॅच फायनलच होती आणि त्यात जीलाँगने त्यांना १२२ विरुद्ध ९० असं हरवलं. सगळं गोड झालं असतं तर सिनेमा झाला असता.

त्याच्या जागी आलेल्या रॉन टॉडने पुढच्या दोन वर्षांत १२० आणि १२१ गोल मारले. मग १९४० मध्ये ५०० पौंडांसाठी तो क्लब सोडून विल्यम्सटाऊनला, दुसऱ्याच स्पर्धेत निघून गेला. सगळ्यांना सारखं पाकीट ही पद्धत कव्हेंट्रीला अठरा वर्षं चालली, टॉडला नाही चालली. दोघांपैकी शहाणा कोण, हे कॅम्पस प्लेसमेंटच्या सीझनमध्ये विचारू नका.

आता १२९९ कितपत मोठं? प्रामाणिकपणे बोलायचं तर दर मॅचच्या सरासरीत तो पहिला नाही. त्याची ४.२५. जॉन कोलमन (१९४९ ते ५४) ९८ मॅचेसमध्ये ५३७, म्हणजे ५.४८. हडसन त्याच्याही पुढे, ५.६४. लीगमधल्या सर्वाधिक गोलांसाठी जे पदक देतात त्याला कोलमनचं नाव आहे. पण कोलमनचा गुडघा गेला आणि तो पंचविशीत संपला. हजार गोलांच्या पलीकडे आजवर सहाजणच गेले आहेत. सहावा लान्स फ्रँकलिन, २०२२ मध्ये. पहिला कव्हेंट्री.

१२९९ मोडला टोनी लॉकेटने, ६ जून १९९९ ला सिडनीमध्ये. आणि समोर कोण? कॉलिंगवूडच! लोक मैदानात घुसले, खेळ थांबला. लॉकेट म्हणजे कव्हेंट्रीच्या अगदी उलट, दांडगा, तापट, ट्रायब्युनलची वारी नेहमीची. १९९४ मध्ये त्याने पीटर केव्हन नावाच्या खेळाडूचं नाक फोडलं होतं तेव्हा त्याला मिळालेली शिक्षा ऐका : आठ आठवडे. गळवं-बिळवं काही नसताना. रूममेटला मी हे ऐकवलं तेव्हा ती पहिल्यांदाच गप्प बसली.

कव्हेंट्री १९६८ मध्ये वारला. लॉकेटचा तो दिवस त्याने पाहिला नाही. पुढे २००० साली डॉकलँड्सचं स्टेडियम उघडलं आणि त्याच्या दोन टोकांना या दोघांची नावं मिळाली. मी हे सगळं फोनवर दादाला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, इथे वर सरकणारं छप्पर आहे. पाऊस आला की बंद करतात, चेंडू भिजतच नाही." मग जरा थांबून म्हणाला, पुढच्या वेळी पण तिकीट त्याच एंडचं काढतो.